डबा रिकामाच गेला

१

"या वास्तूतून आजवर सुईदेखील बाहेर गेलेली नाही, आणि माझ्या कारकिर्दीत ती जाणारही नाही," असं अधीक्षक वैभव देशकर यांनी सोमवारी सकाळी बालनिरीक्षणगृहाच्या अंगणात ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या, कारण ही समारंभाची रंगीत तालीम होती. खुर्च्यांनी विधान शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात हातमाग शिकवणारे संघपाल मांडवाच्या कडेने वाकत वाकत आले, जणू भाषण खरंच चालू आहे, आणि साहेबांच्या कानाशी लागले. ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळे कानातली गोष्ट स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेली.

"सर, धोटा नाही."

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकडी होडकं. सुई नव्हती, हे साहेबांच्या बाजूने म्हणता येईल. सुईपेक्षा पुष्कळ मोठा होता. दीड वीत लांब, शिसवी, दोन्ही टोकांना पोलादाची टोकदार टोपणं.

शेवटच्या रांगेत चंपतराव भोयर खुर्चीचा लंगडा पाय तपासत बसले होते. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात गेला होता आणि त्यातून त्यांचं एक मत बनलं होतं, की जगात खोटं असं फारसं कोणी बोलत नाही, वजन तेवढं थोडं कमी भरतं. निवृत्तीनंतर जरीपटका वस्तीतल्या घरात पत्नीला त्यांचा अडथळा होऊ लागला, तेव्हा त्यांना या गृहाच्या समितीवर घेण्यात आलं. दर रविवारी, भेटीच्या वारी, ते फाटकाजवळच्या बाकावर बसून कोणाचं कोण भेटायला आलं ते बघत.

धोट्याची हकिगत त्यांना ठाऊक होती. पोरांच्या पुनर्वसनासाठी एका संस्थेने गृहाला हातमाग दान दिला, मागाशी उभं राहून फोटो काढला आणि धोटा द्यायचा विसरली. बाजारात नवा शोधेपर्यंत प्रज्वलच्या आत्याने आपल्या घरचा आणून दिला होता. प्रज्वल निनावे हा सोळा वर्षांचा मुलगा उमरेडच्या विणकर घरातला. घरातला माग केव्हाच मोडीत गेला, धोटा तेवढा देवाच्या फळीवर उरला होता. आज बाल न्याय मंडळाच्या न्यायाधीश बाई दुपारी याच आवारात बसणार, आणि बसण्याआधी तो धोटा मागावर फेकून केंद्राचं उद्घाटन करणार, असा बेत होता.

देशकर साहेबांनी ध्वनिक्षेपक बंद केला. मग ते एकच शब्द बोलले, पण तो असा बोलले की बंद करून काही उपयोग झाला नाही.

"हत्यार."

२

पुढचा सगळा वेळ गादी झटकण्याच्या आवाजात गेला. पोरं अंगणात रांगेने उन्हात उभी, आत पहारेकरी गाद्या उलट्या करताहेत, आणि साहेब या खोलीतून त्या खोलीत असे फिरताहेत, जणू ते थांबले तर धोटा पुढे निघून जाईल. कॅरमचा हरवलेला स्ट्रायकर सापडला. कोणाच्या तरी आईचा फोटो सापडला. धोटा सापडला नाही.

चंपतरावांना साहेबांनी कार्यालयात बोलावलं आणि चहा मागवला. बशीत बिस्किटं आली तेव्हा ओशाळून म्हणाले, "परवाच्या बैठकीची संत्रा बर्फी होती, काका. एक पुडा उरला होता. संपला तोही." मधुमेहाचा माणूस बर्फीचा हिशेब इतरांपेक्षा बारकाईने ठेवतो. चंपतरावांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि विचारलं, संशय कोणावर?

साहेबांचा संशय तयार होता. काल धोट्याला तेल लावायला प्रज्वलला बसवलं होतं. धोट्याला शेवटचा हात त्याचाच. आता असं, की पोलादी टोकाची वस्तू गृहात बेपत्ता आहे आणि शेवटी ज्याच्या हातात होती तो मुलगा तोंड उघडत नाही, हे मंडळाला कळवणं साहेबांना भाग होतं. अहवालाचा मसुदा टेबलावर पडला होता. त्यात 'शस्त्रसदृश' हा शब्द आला होता, आणि एकदा तो शब्द कागदावर आला की पोरगा कुठे जात नाही.

पोरगा आज जाणार होता. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून तो मौद्याला गेला होता, आणि मोटारसायकल मित्राची नाही ही बातमी त्याला पोलिसांकडून कळली. आता मंडळ त्याला आत्याच्या हवाली करणार होतं. उमरेडला एका विणकाम प्रशिक्षणात त्याची जागा ठरली होती, तिथले वर्ग उद्या सुरू व्हायचे. आज राहिला तर जागा दुसऱ्याची, आणि मग पुढची तारीख, आणि तारखा कशा येतात हे चंपतरावांनी सरकारी नोकरीत पाहिलं होतं.

"मला जेवणापर्यंत वेळ द्या," ते म्हणाले.

"जेवणापर्यंत. बाई जेवण झाल्यावर येणार. मग मी अहवाल देणार."

बाहेर पडताना चंपतरावांना उगाच काल दुपार आठवली. प्रज्वलची आत्या, कुसुमावतीबाई, भेट आटोपून निघाल्या होत्या. सगळ्या पोरांना पुरेल एवढा चिवडा त्यांनी उभ्या पत्र्याच्या डब्यातून आणला होता आणि आता डबा कमरेवर घेऊन, अंग एका बाजूला टाकून, त्या फाटकाबाहेर चालल्या होत्या. चंपतराव उठले आणि म्हणाले, द्या बाई, बसथांब्यापर्यंत मी धरतो. बाई लगबगीने बाजूला सरल्या.

"राहू द्या जी. खाली डबा त आहे."

कोपऱ्यावर गेल्यावर त्यांनी तो रिकामा डबा दुसऱ्या कमरेवर घेतला होता.

३

संघपाल मागाच्या खोलीत मागाकडे पाठ करून बसले होते. कंत्राटावरचा माणूस. केंद्र चाललं नाही तर त्यांचं कंत्राटही चालणार नव्हतं, तेव्हा उद्घाटनाच्या दिवशीच धोटा गायब करण्यात त्यांचा काही फायदा दिसत नव्हता. पण चंपतरावांच्या अनुभवात माणसं फायद्यासाठी जेवढं करतात त्याहून जास्त भीतीपोटी करतात, आणि माग अजून नीट बसलेला नाही अशी कुरकुर संघपाल आठवडाभर करत होते.

त्यांनी सांगितलं ते असं: पोराला तेलाचं फडकं दिलं, स्वतः चहाला गेले, परत येऊन कुलूप लावलं. धोटा जागेवर आहे का ते पाहिलं नाही, ही चूक. चंपतरावांनी खिडकीचे गज हलवून पाहिले आणि यातून काही बाहेर टाकता येईल का, एवढंच विचारलं.

"खिडकीतून काहीच जात नाही, सर," संघपाल म्हणाले. मग घसा साफ करून पुढे म्हणाले, "आन् त्या बाईचा डबा त रिकामाच गेला. मी पाह्यला ना."

चंपतरावांनी डब्याचं नाव काढलं नव्हतं. ते "बरं" म्हणून निघाले.

शेजारीच स्वयंपाकघर. कांताबाई कणीक मळत होत्या, आणि कणकेवर राग काढत होत्या. मागाची खोली ही मूळची त्यांची धान्याची खोली. ती काढून घेतल्यापासून पोती त्यांच्या पायात येत होती, आणि त्या मागाचं एक दिवस सरपण करीन, असं त्या साहेबांच्या तोंडावर बोलल्या होत्या. गृहातली अर्धी माणसं या क्षणी हेच आठवून स्वयंपाकघराकडे बघत होती.

"सरपणाचं काय झालं, कांताबाई?"

"काय जी, भोयर साहेब. ग्यासवर लाकूड जाळू का मी?" त्यांनी कणकेला एक गुद्दा हाणला. "माह्या तोंडाले लागू नोका. पोराची आत्या बिचारी एवढा चिवडा घेऊन आली, कोणी चांगलं बोललं तिले? मी डबा घासला, पुसला, पोराच्या हाती देल्ला. खालीच देल्ला. इचारा कोणाले बी."

"मी डब्याचं विचारलंच नाही."

"मंग काहून इचारून राह्यले?" कांताबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवली. त्यांच्या मागे फळीवर गुळाची ढेप होती. ढेपेचा एक कोपरा सुरीने कापल्यासारखा नव्हता. हाताने तोडल्यासारखा होता.

चंपतराव अंगणात आले. उन्हात उभी पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर येत होती. त्यांना स्वतःलाही एका जागी उभं राहवेना. धोट्याचं विचारावं आणि लोकांनी डब्याचं सांगावं, हे त्यांना फार जुन्या ओळखीचं वाटत होतं. दुकानात शिरल्यावर दुकानदार न विचारता म्हणाला, की साहेब, साखरेचं वजन बरोबर आहे, तर ते सरळ तेलाचं माप मागवत.

४

फाटकावर पियुष होता. खापा गावचा पोरगा, नोकरीला नवा, आणि नियमाला इतका चिकट की लोक त्याला टाळत. आत येणाऱ्या खाण्याचा नियम असा, की जो आणतो त्याने आधी पहारेकऱ्यासमोर खायचं. पियुष एका घासावर कधी समाधान मानत नसे. रविवारी निम्मे पालक फाटकावरच जेवून घेत.

बाहेर जाणाऱ्या भांड्याचं काय करतोस, असं चंपतरावांनी विचारलं आणि आपली कापडी पिशवी पुढे केली. पियुषने कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला, शिवणी दाबल्या आणि चंपतरावांचं हरवलेलं रक्तदाबाचं औषध अस्तरातून बाहेर काढलं.

"असंच प्रत्येकाचं?"

"सबका, सर. मंत्री आला तरी."

"मग काल तुझा हात कुठे थांबला?"

पियुषने आधी कार्यालयाच्या खिडकीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "डबा मी उघडून पाह्यला, सर. खाली होता."

"कोणाचा डबा?"

"कोणाचाच नाही," पियुष म्हणाला, आणि कान लाल होईतो फाटकाची कडी पुसू लागला.

प्रज्वलला भेटीच्या खोलीत बसवलं होतं. टेबल, दोन बाकं, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांतला फलक: परवानगीशिवाय कोणतीही वस्तू बाहेर नेणाऱ्या नातेवाइकाची भेट कायमची बंद करण्यात येईल. पोरगा फलकाकडे पाठ करून बसला होता, पण तो फलक त्याच्या पाठीला टोचत असावा असा बसला होता. चंपतराव समोर बसले. त्यांनी धोट्याचं नाव काढलं नाही.

"इथं तुझं काय काय आहे गा?"

पोराला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला.

"माहं?" प्रज्वल जरा हसला. "कपडे सरकारचे. ताट सरकारचं. चप्पल बी सरकारची, जी, डावी दुसऱ्याच कोणाची तरी आहे. धोटा माहा होता."

"होता?"

पोरगा डावी चप्पल जमिनीवर घासू लागला.

"आत्या बाकी कशी आहे? घरी कोणाचा डबा आला तर परत कसा पाठवते?"

प्रज्वल एकदम वर बघू लागला, आणि मग मागे वळून फलकाकडे. पुन्हा चंपतरावांकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा पार बदलला होता. आतापर्यंत तो मुलगा होता, आता घरचा कर्ता माणूस झाला.

"डबा खालीच गेला जी. आत्याले कोणी काही इचारू नका. तिचा काही कसूर नाही. मले इथंच ठेवलं त चालते. लिहून द्या साहेबाले, म्या फेकला म्हणून. नाल्यात फेकला."

"गृहात नाला नाही, बाबू."

"मंग संडासात."

चंपतराव उठले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कार्यालयाकडे चालू लागले. जेवणाची घंटा झाली. साहेब दारातच अहवाल हातात धरून उभे होते.

"सापडला?"

"सापडला," चंपतराव म्हणाले.

"कुठे?"

"रिकाम्या डब्यात."

५

कार्यालयात कूलर फक्त आवाज करत होता. त्यात पाणी नव्हतं. संघपाल, कांताबाई, पियुष आणि प्रज्वल भिंतीशी उभे होते, साहेब खुर्चीत होते, आणि चंपतराव फेऱ्या घालत होते, कारण बसलं की त्यांना सुचत नसे.

"साहेब," ते म्हणाले, "सकाळपासून मी धोट्यासाठी चौघांकडे गेलो आणि चौघांनी मला डब्याचं सांगितलं. रिकामा गेला, रिकामा गेला. माझ्या खात्यात चार दुकानदार न विचारता एकच वजन सांगू लागले, की आम्ही काटा जप्त करायचो. डबा रिकामा असता तर कोणाला आठवलाच नसता. आणि मी तो जाताना पाहिला. पत्र्याचा डबा रिकामा असला तर बाई तो बोटात अडकवून नेते. कुसुमावतीबाईंनी कमरेवर घेतला होता, आणि कोपऱ्यावर कंबर बदलली."

साहेब म्हणाले, की म्हणजे कट होता.

"कट नव्हता. रीत होती. तुमच्या-माझ्या घरी शेजारणीची वाटी आली तर ती रिकामी परत जाते का? चिमूटभर साखर तरी घालतात. नाहीतर पाठवणाऱ्यालाच लाज वाटते." ते कांताबाईंपुढे थांबले. "ढेप हाताने तोडली होती, बाई. सुरी शोधायला वेळ नव्हता."

कांताबाईंनी पदराने तोंड पुसलं. "दोन खडे होते गुळाचे. सरकारी असला म्हणून काय झालं, घासलेला डबा तसाच देऊ का त्या बाईले? माह्या हातानं होत नाही."

मग संघपाल आपणहून बोलले. पोरगा डबा घेऊन मागाच्या खोलीवरून जात होता. त्यांनी झाकण उघडलं, गूळ पाहिला, आणि सुताची एक लड त्यावर ठेवली. उरलेलीच होती, सर. विणकराच्या घरी जायचा डबा, त्यात सूत नको का?

साहेबांचं पेन चालू झालं होतं. शासकीय गूळ. शासकीय सूत. अहवाल लांबत होता आणि साहेब उजळत होते.

"संघपाल चहाला गेले," चंपतराव पुढे म्हणाले, "आणि डब्यापाशी एकटा मुलगा राहिला." त्यांनी प्रज्वलकडे पाहिलं. "आता तूच सांग. पाठवलेला गूळ कांताबाईंचा, सूत संघपालांचं."

प्रज्वल भिंतीकडे तोंड करून बोलला. "आत्या म्हणते, कोणाचा डबा खाली पाठवू नोको. सगळ्याइनं काही ना काही घातलं. आत्या घरी जाऊन उघडन, अन् त्यात माहंच काही नसन." पुढचे शब्द जवळजवळ ऐकू आलेच नाहीत. "माह्याजवळ तेवढाच होता."

साहेबांनी पेन थांबवलं, मग पुन्हा उचललं. वाईट वाटतंय, पण नियम नियम आहे, असं ते म्हणाले, आणि मग त्यांना खरा मुद्दा सापडला. ते पियुषकडे वळले.

"आणि तू? मंत्र्याचीही पिशवी चाचपणारा तू? दीड वीत धोटा तुला लागला नाही?"

"तीच तर खरी गाठ आहे," चंपतराव म्हणाले. "धोटा सुताच्या लडीत बसला म्हणून वाजला नाही, हे ठीक. पण पियुष तळापर्यंत हात घालतो. काल त्याने झाकण उघडलं आणि हात वरच थांबला. का? वरती असं काहीतरी होतं, की जे हलवायची फाटकावरच्या माणसाची छाती झाली नाही. मागाच्या खोलीतून निघालेला डबा फाटकावर जाण्याआधी कुठे ठेवतात?"

परत जाणारी सगळी भांडी कार्यालयाच्या व्हरांड्यात, साहेबांच्या दारासमोर ठेवतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

"म्या आपले फुटाणे वरून टाकले फक्त," पियुष आभाळ नसल्यामुळे छताकडे बघत म्हणाला. "पुड्याले हात नाही लावला. कसम से."

"कसला पुडा?" साहेबांनी विचारलं. आवाज फार खाली आला होता.

"ते मला कसं माहीत असणार," चंपतराव म्हणाले. "मला साखरेचा आजार आहे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. अहवालाकडे बघितलं. त्या अहवालात नावं एकेक करून चढली होती आणि आता एकच नाव चढायचं राहिलं होतं. मग ते कोणाकडेही न बघता पुटपुटले, "आईने सवय लावलीय. भांडं परत जाताना दिसलं की हात जातो."

तेवढ्यात फाटकावर दोन आवाज एकदम झाले. एक न्यायाधीश बाईंच्या गाडीचा. दुसरा पत्र्याचा डबा जमिनीवर टेकवल्याचा.

६

ते सगळे धावत फाटकापाशी पोचले तेव्हा न्यायाधीश बाई गाडीतून उतरून उभ्या होत्या आणि कुसुमावतीबाई, बदली पहारेकऱ्यासमोर, नियमाप्रमाणे आपल्याच डब्यातली शेव खात होत्या. डबा आज पुन्हा काठोकाठ भरलेला होता. शेवेतून पोलादाचं एक टोक वर आलं होतं.

"हे काय आहे?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

देशकर साहेबांचे ओठ हलले, पण त्यांतून काही बाहेर आलं नाही. त्या वास्तूतून बाहेर न गेलेली तेवढी एकच गोष्ट.

"धोटा होय, बाई," कुसुमावतीबाई तोंडातला घास संपवून म्हणाल्या. "काल पोरानं डब्यात घालून धाडला. मले वाटलं, टोकं खरखरीत झाली, सूत तुटत असन. रातच्याले घासून, तेल पाजून आणला." मग त्यांना सगळी मंडळी दिसली, आणि त्यांचा चेहरा फुलला. "लय मानाची माणसं हायेत जी तुमच्या इथली. मले वाटलं होतं, जेलासारखं असन. गूळ देल्ला, सूत देल्लं, फुटाणे देल्ले. आन् साहेबांची ते संत्र्याची बर्फी त आमच्या गल्लीत पुरली."

सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. न्यायाधीश बाईंनी साहेबांकडे पाहिलं.

"देशकर, परवानगीशिवाय वस्तू बाहेर गेली?"

प्रज्वल एक पाऊल पुढे आला. चंपतरावांनी त्याच्या सदऱ्याची मागची बाजू धरून ठेवली. साहेबांच्या हातात अहवाल होता. त्यांनी तो आधी उघडला, मग त्याची चौघडी केली, मग आणखी बारीक घडी केली आणि तो खिशात घातला.

"वस्तू," ते म्हणाले, "देखभालीसाठी पाठवली होती."

"कोणाच्या परवानगीने?"

साहेबांनी भेटीच्या खोलीतल्या फलकाच्या दिशेने पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि मान वर केली. "माझ्या. वर माझा पुडा होता, मॅडम. त्याच्याखाली जे जे गेलं ते माझ्या परवानगीने गेलं, असं समजावं."

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण त्यांनी निमंत्रणपत्रिका पर्समधून काढून वाचली. "यात तुम्ही छापलंय, की इथून सुईदेखील बाहेर जात नाही."

"सुईबद्दलच छापलंय, मॅडम," चंपतराव म्हणाले. "धोट्याबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही."

समारंभ झाला. न्यायाधीश बाईंनी फेकलेला धोटा मागाच्या पलीकडे जाऊन संघपालांच्या पायावर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनीच विचारलं, की हा नीट कोण फेकतं? संघपालांनी आठवडाभर शिकवलेला प्रज्वल मागावर बसला. त्याच्या आत्याने पंधरा वर्षांनी धोट्याचा आवाज ऐकला आणि पदर तोंडाला लावला, आणि कोणी बघितलं तर शेव तिखट होती असं म्हणाली. मंडळात त्याचं प्रकरण पहिलंच निघालं. बाईंनी सही केली. नवा धोटा येईपर्यंत हाच इथे राहू दे असं साहेब सुचवत होते, पण संघपालांनी पायावरची सूज दाखवून तो पोराच्या हातात दिला.

ऊन कलल्यावर आत्या आणि भाचा फाटकाशी आले. प्रज्वलच्या पायात दोन्ही चपला त्याच्याच होत्या. चंपतराव आपल्या बाकावर बसले होते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना स्वस्थ बसावंसं वाटत होतं. साहेब निरोप द्यायला स्वतः फाटकापर्यंत आले आणि कुसुमावतीबाईंपुढे त्यांनी हात जोडले. गृहाच्या वतीने, शासनाच्या वतीने आणि पुनर्वसनाच्या उदात्त कार्याच्या वतीने आपल्याला काही हवं असेल तर निःसंकोच सांगा, असं ते म्हणाले.

स्वयंपाकघराकडून कांताबाई येताना दिसल्या. डबा त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि त्यांच्या मागून संघपाल लंगडत, काहीतरी पाठीमागे लपवत येत होते. पियुषचा हात आधीच खिशात गेला होता.

कुसुमावतीबाईंनी त्या डब्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"एक मेहरबानी करा जी. आज तरी डबा खालीच द्या. उमरेडच्या बसमधे मांडीवर घ्यावा लागते."